गाणे जे सांगत नाही

पहिल्या तासाला सरांनी भिंतीवर एका गाण्याचा व्हिडिओ लावला आणि स्पीकरची वायर काढून ठेवली. चार मिनिटे आम्ही सतरा जण नुसते ओठ हलताना, पाय थिरकताना आणि ओढणी उडताना पाहत राहिलो. व्हिडिओ संपल्यावर जे दिसले ते लिहायला सांगितले. मग भिंत कोरी ठेवून तेच गाणे ऐकवले आणि जे ऐकले ते दुसऱ्या पानावर लिहायला सांगितले. दोन्ही पाने शेजारी ठेवली तेव्हा माझे दुसरे पान भरलेले होते आणि पहिल्यावर चारच शब्द होते : मुलगी, पाऊस, वाडा, लाल ओढणी. लहानपणापासून शेकडो गाणी मी टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिली होती, पण पाहण्याचे कामही माझे कानच करत होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि तालुक्याच्या गावी एसटीने जाऊन बी. ए. करते. दुसऱ्या वर्षी मराठी साहित्याच्या जोडीला आम्हाला दोन निवडक विषय घेता येत होते. मी सर्जनशील लेखन आणि दृक्श्राव्य माध्यमांचा परिचय हे दोन घेतले, कारण दोन्हींचा प्रकल्प एकच होता : स्वतः गाणे लिहायचे आणि चौघांच्या गटाने त्याचा व्हिडिओ करायचा. घरी हे सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "व्हिडिओ तं घरी बी दिसतात, त्याच्यासाठी कालेज काऊन पाह्यजे?" त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता, त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. पुढे जे शिकले ते सांगणे हेच त्याचे उत्तर ठरेल असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

अभ्यासाची सुरुवात दृश्यनोंदीने झाली. एक गाणे निवडायचे, वहीत चार रकाने आखायचे आणि प्रत्येक शॉटची, म्हणजे मध्ये न तुटता दिसणाऱ्या चित्राच्या तुकड्याची, नोंद करायची : किती सेकंदाला सुरू झाला, त्यात काय दिसते, त्या वेळी कोणते शब्द चालू आहेत आणि वाद्यांमध्ये काय घडते. काम सोपे वाटते, पण चार मिनिटांच्या एका गाण्याला मला पंधरा दिवस लागले. त्यात ९६ शॉट निघाले, म्हणजे सरासरी अडीच सेकंदांना एक कट, एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी. ही सरासरी मात्र फसवी होती. कडव्यात शॉट चार-पाच सेकंद टिकत होते आणि ध्रुवपद आले की सेकंदाला एक याप्रमाणे बदलत होते. ध्रुवपदाला शब्द तेच, चाल तीच, तरी प्रत्येक खेपेला ते अधिक जोरकस का वाटते, याचे उत्तर गायिकेच्या गळ्यात शोधत मी कितीतरी वेळ घालवला होता. ते उत्तर आवाजात नव्हे, पहिल्या रकान्यातल्या सेकंदांत होते. तिसऱ्या खेपेला ध्रुवपदात पहिल्या दोन खेपांपेक्षा दुप्पट कट होते.

इतिहासही शिकवला गेला, आणि तो शिकताना माझा एक गैरसमज दूर झाला. मला वाटत होते की गाणे दाखवणे म्हणजे सिनेमातले गाणे. सिनेमात गाण्याच्या आधी आणि नंतर गोष्ट असते, त्यामुळे नायिका का गाते हे प्रेक्षकाला ठाऊक असते. म्युझिक व्हिडिओला हा आधार नसतो. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही दिवसभर गाणीच दाखवणारी वाहिनी सुरू झाली. कंपन्यांच्या दृष्टीने व्हिडिओ ही गाण्याची जाहिरात होती, आणि जाहिरातीत ओळख, गोष्ट, शेवट हे सारे तीन-चार मिनिटांतच बसवावे लागते. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, जॉन लँडिस या चित्रपट दिग्दर्शकाने मायकल जॅक्सनसाठी जवळजवळ चौदा मिनिटांचा व्हिडिओ केला आणि गाण्याभोवती संपूर्ण कथा रचता येते हे दाखवून दिले. आपल्याकडे दूरदर्शनवर १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दाखवलेले अनेक भाषांतले एकात्मतेचे गीत आमच्या आईवडिलांच्या पिढीला तोंडपाठ आहे. सरांनी ते पुन्हा दाखवले तेव्हा लक्षात आले की त्यात भाषा बदलली की प्रदेश बदलतो आणि माणसे बदलतात, पण कोणीही काही समजावून सांगत नाही. सांगण्याचे ते काम पूर्णपणे चित्राने उचलले आहे. १९९० नंतर खासगी अल्बमांची लाट आली, २००५ मध्ये यूट्यूब आले आणि आता आमच्या तालुक्यातही लग्नाच्या, भीमजयंतीच्या आणि शिवजयंतीच्या गाण्यांचे व्हिडिओ करणारी मुले आहेत. त्यांच्यातील दोघे आमच्याच वर्गात होते आणि कॅमेऱ्याविषयी त्यांना आमच्यापेक्षा बरेच कळत होते.

यानंतर जो भाग आला त्याने मला खऱ्या अर्थाने या विषयात ओढले. ब्रिटिश अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी गाणे आणि चित्र यांच्यातील तीन नाती सांगितली आहेत. सरांनी त्यांना चित्रण, विस्तार आणि विसंगती अशी मराठी नावे दिली. गाण्यात पाऊस आहे आणि पडद्यावर पाऊस पडतो, हे चित्रण. गाण्यात पाऊस आहे आणि पडद्यावर कुणीतरी गळक्या छपराखाली भांडी मांडत आहे, हा विस्तार, कारण शब्दांत नसलेला अर्थ चित्राने घातला. गाण्यात पाऊस आहे आणि पडद्यावर भेगाळलेले शेत आहे, ही विसंगती. उदाहरणे सरांची होती. मग त्यांनी विचारले की तुमच्या गावात यातले काय सापडते. वर्ग गप्प होता आणि मला एकदम पोळा आठवला.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे पोळ्याच्या संध्याकाळी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली गावातल्या बैलजोड्या ओळीने उभ्या करतात. शिंगे रंगवलेली, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा. मग एकेक जण पुढे होऊन झडती म्हणतो. झडती म्हणजे तालात म्हटलेल्या यमकबद्ध ओळी, आणि शेवटी सगळ्यांचा एकच गजर : "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" या झडत्यांत देवाधर्माचे असते तसेच कापसाच्या भावाचे, सावकाराचे, न आलेल्या पावसाचे आणि निवडून गेलेल्या पुढाऱ्याचेही असते. म्हणजे डोळ्यांसमोर वर्षातला सर्वांत नटलेला देखावा आहे आणि कानावर वर्षभराचे गाऱ्हाणे पडत आहे. त्या दोहोंमध्ये जी फट आहे तिच्यामुळेच झडती झोंबते. तीच झडती कोणी उन्हाळ्यात पारावर बसून म्हटली तर ती नुसती तक्रार होईल. मी हे वर्गात कसेबसे सांगितले. सरांनी फळ्यावरच्या विसंगती या शब्दाखाली झडती असे लिहिले आणि तो शब्द पुढचे तीन तास पुसला नाही. मला त्या दिवशी फार बळ आले.

मिशेल गोंड्री या फ्रेंच दिग्दर्शकाने केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश जोडीसाठी केलेला एक व्हिडिओही आम्ही अभ्यासला. त्यात केवळ रेल्वेच्या खिडकीतून दिसणारा प्रदेश आहे. मात्र नीट पाहिले की खांब, इमारती, पूल या वस्तू गाण्यातल्या ठरावीक ठोक्यांवरच येतात आणि एखादे वाद्य थांबले की त्याची वस्तूही दिसेनाशी होते. तो पाहिल्यानंतर माझा एसटीचा प्रवास बदलला. खिडकीशी बसून कानात गाणे लावायचे आणि विजेचे खांब, बाभळी, शेतांचे धुरे म्हणजे बांध, फलाट नसलेले थांबे ठेक्यावर पडतात का ते पाहायचे, हा माझा रोजचा सराव झाला. बस सारख्या वेगाने जात असली तर खांब ठेक्याला जवळजवळ बरोबर बसत आणि घाट लागला की सारे विस्कटत असे. ठेका हा कानाने मोजायचा तसाच डोळ्यानेही मोजता येतो, हे पुस्तकापेक्षा या प्रवासात मला जास्त पटले.

त्या मोजणीचे गणितही आहे आणि मला ते आवडले. चित्रफीत म्हणजे एका सेकंदात ठरावीक स्थिरचित्रे, म्हणजेच फ्रेम. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमचे प्रमाण रूढ होते, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे याच वेगाने चित्रण केले तर ट्यूबलाइटच्या उजेडात पट्टे किंवा फडफड दिसत नाही. गाण्याचा वेग मिनिटाला १०० ठोके असेल तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे नेमका १५ फ्रेमचा. आमच्या गावच्या भजनी मंडळाचा ठेका आठ मात्रांचा असतो, तेव्हा त्याचे एक आवर्तन १२० फ्रेमचे झाले. आम्ही हाच वेग निवडला, कारण हिशेब पूर्णांकात येतो. संपादन करताना मात्र आणखी एक गोष्ट हाताला लागली : कट नेमका ठोक्यावर केला तर तो किंचित उशिरा झाल्यासारखा वाटतो, आणि एक-दोन फ्रेम आधी केला तर ठोक्यावर बसल्यासारखा वाटतो. डोळ्याला नवे चित्र ओळखायला तेवढा अवधी लागत असावा.

इकडे सर्जनशील लेखनाच्या तासाला माझे काही खरे नव्हते. कापूस वेचणाऱ्या बायांवर गाणे लिहायचे हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवले होते आणि दोन रात्रींत लिहूनही काढले होते. त्यात पांढरे सोने होते, घामाचे मोती होते, काळी आई होती आणि शेवटच्या कडव्यात अश्रूही होते. मॅडमनी ते दोनदा वाचले आणि शांतपणे म्हणाल्या, "हे गाणं पऱ्हाटी न पाहिलेल्या माणसालाही लिहिता आलं असतं." पऱ्हाटी म्हणजे कापसाचे झाड. मला रडू आले, कारण मी तर वयाच्या नवव्या वर्षापासून आईबरोबर वेचायला जाते. पण त्यांचे म्हणणे खरे होते. मी जे पाहिले होते ते न लिहिता, वाचलेले लिहिले होते. त्यांनी एक काम दिले : एक दिवस वेचायला जायचे आणि संध्याकाळी वीस नोंदी करायच्या. एकाही नोंदीत विशेषण नको, उपमा नको आणि दुःख, कष्ट, सुख यांपैकी एकही शब्द नको.

दिवाळीनंतरचा आठवडा होता. दव वाळल्याशिवाय वेचणी सुरू करत नाहीत, कारण ओला कापूस व्यापारी कमी भावाने घेतो, म्हणून नऊच्या सुमारास आम्ही तासाला, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीला, लागलो. त्या दिवशीच्या माझ्या नोंदींपैकी काही अशा होत्या : वाळलेल्या बोंडाची टोके नखाच्या मुळाशी लागतात. अळीने डागाळलेला कापूस, ज्याला आम्ही कवडी म्हणतो, तो काकू कमरेच्या दुसऱ्या फडक्यात टाकते. डब्यांच्या पिशव्या धुऱ्यावर बाभळीखाली आहेत. दोन मोबाइल पिशवीतच असतात. मोबाइल वाजला की सगळ्या बाया मान वर करतात. कोणीही तास सोडून जात नाही. मजुरी किलोवर असते. दुपारी कोणाचा वाजला होता ते बघतात.

शेवटच्या चार नोंदी लिहून झाल्या आणि गाणे कुठे आहे ते मला दिसले. बाया दिवसभर बोलत होत्या, पण कापसाबद्दल कोणीच बोलत नव्हते. बोलणे लेकीच्या बाळंतपणाचे होते, बचत गटाच्या हप्त्याचे होते, पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचे होते. वाजणाऱ्या फोनकडे जाता येत नाही, ही एवढीशी गोष्ट त्या सगळ्या बोलण्याला धरून होती.

मॅडमनी नोंदी वाचल्या आणि मला जात्यावरच्या ओव्यांकडे वळवले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झालेल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्या ऐकताना मी एक गोष्ट टिपत गेले. बाई बहुधा हाताशी असलेल्या वस्तूपासून सुरुवात करते, दळण, पीठ, उंबरा, रस्ता, आणि मग नात्याकडे वळते. वस्तू आणि नाते यांना जोडणारा ‘जसे’ किंवा ‘म्हणून’ ती बऱ्याचदा घालतच नाही. ते जोडण्याचे काम ऐकणारी करते. आमच्या दृश्यनोंदीतला कटही हेच करत होता. दोन विषय मी वेगळे समजून घेतले होते, ते इथे एकमेकांना भेटले.

गाण्याचा मुखडा मी आमच्याच बोलीत लिहिला (ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायची कमरेची झोळी) :

ओटी भरत आली माय, ऊन आलं माथ्यावर,
फोन वाजे धुऱ्यावर, हात माहे बोंडावर.

या दोन ओळींना तीन आठवडे लागले. दुसऱ्या ओळीची सुरुवात आधी ‘मोबाइल वाजतो आहे धुऱ्यावर’ अशी होती. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत, मात्रेला दोन लघू अक्षरे धरली, तर सोळा लघूंची जागा असते, आणि माझी ओळ वीस लघूंची होत होती. म्हणणाऱ्याची दमछाक होत असे. ‘फोन वाजे धुऱ्यावर’ हे बारातच संपते आणि चार लघूंची जागा रिकामी राहते. मी ती जागा भरायला शब्द शोधत होते. गटातला ढोलकी वाजवणारा मित्र म्हणाला, "भरू नको वो, तिथं फोन वाजू दे ना." आम्ही मोबाइल आवाज बंद करून स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि त्याची थरथर रेकॉर्ड केली. तो घर्रर्र असा आवाज त्या चार लघूंत नेमका बसला आणि तेच आमच्या गाण्यातले सर्वांत महत्त्वाचे वाद्य झाले. दुसरे कडवे त्या मानाने लवकर जमले :

कवडी येगळी काढली, पांढरं भारी भरलं,
बोलाचं होतं एक, थे बी उद्यावर सरलं.

येथे एक बाजूची पण महत्त्वाची गोष्ट सांगते. आमच्या गटाची पहिली इच्छा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे एखादे भजन घेण्याची होती, कारण गुरुकुंज मोझरी आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे आणि खंजिरीचा तो नाद आमच्या घरोघरी आहे. सरांनी आम्हाला कायदा वाचायला लावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेवरचा हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. महाराजांचे निधन १९६८ मध्ये झाले, म्हणजे त्या मुदतीचा हिशेब २०२८ च्या अखेरीस पुरा होतो. तोपर्यंत परवानगी घेऊनच पुढे जाणे योग्य. अभ्यासासाठी आणि समीक्षेसाठी कायद्यात सवलत आहे, परंतु व्हिडिओ लोकांपुढे ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी होते. जुन्या गाण्यांवर व्हिडिओ करून ते इंटरनेटवर टाकणाऱ्या माझ्या वयाच्या मुलामुलींना हे आधी कुणी सांगत नाही, आणि व्हिडिओ काढून टाकला गेल्यावर मग ती खट्टू होतात. आपले गाणे आपण लिहिण्याचे हेही एक कारण असले पाहिजे. खंजिरी मात्र आम्ही घेतली. नादावर कुणाचा हक्क नसतो.

चित्रीकरणाआधी तीन पानांचे टिपण लिहायचे असते. व्हिडिओ करणारे त्याला ट्रीटमेंट म्हणतात. त्यात गोष्ट, रंग, जागा, कपडे, कॅमेऱ्याची हालचाल हे सगळे येते. माझ्या टिपणाचे पहिले वाक्य होते : फोन एकदाही दिसणार नाही. शब्द फोनचे नाव घेतात, आवाज फोनचा आहे, मग चित्राने पुन्हा फोन दाखवला तर ते नुसते चित्रण झाले. आम्ही काय दाखवणार होतो तर मान वर होणे, नजर धुऱ्याकडे जाणे आणि हात न थांबणे. गटातल्या एका मैत्रिणीला हे पटत नव्हते. लोकांना समजणार नाही, असे ती म्हणे. आमचे दोन दिवस भांडण चालले आणि मला आजही वाटते की तिच्या शंकेमुळेच आम्ही नजरेचे शॉट जास्त काळजीने घेतले.

चित्रीकरणाला आम्ही तीन दिवस घेतले, आणि पहिला वाया गेला. दुपारच्या उन्हात मोबाइलच्या कॅमेऱ्यात कापूस पांढरा डाग होऊन फुटतो, त्यात तंतू दिसत नाहीत. कापसावर उजेडाचे माप पक्के केले तर चेहरे काळे पडतात. म्हणून दव वाळल्यावरचा पहिला तास आणि चारनंतरचा वेळ एवढाच आम्हाला उपयोगी होता. मोबाइल आपोआप फ्रेमचा वेग कमीजास्त करतो आणि मग ओठ गाण्यापासून सरकत जातात, हेही पहिल्याच दिवशी अनुभवले. वेग २५ वर पक्का करता येईल असे अ‍ॅप घेतले आणि प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवून ती आवाजाच्या पट्टीवर खूण म्हणून धरली.

ओठ गाण्यावर, पण हालचाल संथ, असा एक शॉट आम्हाला हवा होता. त्याची युक्ती अशी की कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतो, स्पीकरवर गाणे दुप्पट वेगाने लावायचे, बाई त्या दुप्पट वेगाने ओठ हलवते, आणि नंतर चित्र २५ च्या वेगाने चालवले की ओठ मूळ गाण्याला जुळतात आणि ओटीत पडणारा कापूस तरंगत पडतो. गाणे दुप्पट वेगाने लागले तेव्हा सगळ्या बाया इतक्या हसल्या की पहिले सहा प्रयत्न हसण्यातच गेले. सातव्याला काकूने पूर्ण ओळ म्हटली.

याहून मोठा प्रश्न मजुरीचा होता. किलोवर मजुरी असणाऱ्या बाईला "पुन्हा एकदा" म्हणणे म्हणजे तिचे पैसे कापणे, हे मला माहीत असायला हवे होते आणि तरी मी पहिल्या सकाळी तीन वेळा पुन्हा एकदा म्हटले. एका मावशीने काही न बोलता ओटी रिकामी करून मला दाखवली. त्यानंतर आम्ही नियम केला की हात थांबवायला सांगायचे नाही. कॅमेरा तासातून त्यांच्याबरोबर मागे मागे सरकत जाईल. ज्या शॉटसाठी थांबावेच लागले, त्याच्या बदल्यात आम्ही चौघांनी दुपारभर वेचून तो कापूस ज्या-त्या बाईच्या गाठोड्यात घातला. कोणत्या बाईचा चेहरा दाखवायचा हेही विचारून घेतले. दोघींनी नको म्हटले. त्यांचे फक्त हात आहेत, आणि संपूर्ण व्हिडिओत ते हातच सर्वांत जास्त बोलतात असे मला वाटते.

पहिला जुळवलेला व्हिडिओ तीन मिनिटे चाळीस सेकंदांचा झाला. वर्गात तो दाखवण्याआधी मी घरी ओसरीवर आजीला दाखवला. तिने चाळीसेक वर्षे वेचणी केली आहे. आता तिला दूरचे नीट दिसत नाही, म्हणून मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरून तिने दोनदा पाहिला. मला वाटले ती फोन का दिसत नाही असे विचारील, आणि त्याचे उत्तर मी तयार ठेवले होते. तिने फोनचे नावही काढले नाही. ती म्हणाली, "एवढं ऊन दाखोलं तुमी, अन् दिवसभरात कोनीच पानी नाही पेलं?"

मी व्हिडिओ पुन्हा लावला. खरोखर कोणीच पाणी पीत नव्हते. ९६ शॉटच्या नोंदी केलेल्या, वीस नोंदी लिहिलेल्या मला हे दिसले नव्हते. माझ्या वहीतल्या वीस नोंदींतही पाणी नव्हते, कारण त्या दिवशी मी सारखी पाणी पीत होते आणि जे मी स्वतः करत होते ते मला नोंदवण्याजोगे वाटले नव्हते. आजीने पुढे सांगितले की तासात असताना पाण्याला जायचे तर एक जणच जाते आणि कॅन घेऊन सगळ्यांच्या ओंजळीत ओतत फिरते, कारण हात कापसाच्या काडीकचऱ्याने भरलेले असतात आणि एका भांड्याला सगळ्यांनी हात लावायचा नसतो. "अन् जे पानी पाजते, थे सगळ्यायले काही काही सांगते," ती म्हणाली. "बोलाचं तवाच होते."

मी गटाला रात्रीच फोन केला. पण आता तिसरी वेचणी होत आली होती, शेतात उलंगवाडीची, म्हणजे हंगाम आटोपून शेत मोकळे करण्याची, तयारी होती, पऱ्हाट्या वाळून तपकिरी झाल्या होत्या आणि आधीच्या शॉटमधले हिरवे शेत परत मिळणार नव्हते. शेवटी आम्ही शेत दाखवायचेच नाही असे ठरवले. कॅमेरा इतका जवळ नेला की चौकटीत केवळ कॅनचे तोंड, ओतणाऱ्या बाईचा मनगटापर्यंतचा हात आणि खाली ओंजळ एवढेच राहील. ओतणारी माझी आई होती. शॉट चालू असताना ती हळू आवाजात समोरच्या मावशीला काहीतरी सांगत होती. आवाज आम्ही घेतला नाही, तिथे फक्त खंजिरी ठेवली.

संपादनाला बसल्यावर तो शॉट किती लांब ठेवायचा यावर पुन्हा चर्चा झाली. ध्रुवपदाच्या आधी तो येत होता आणि बाकीच्या शॉटच्या लयीने पाहिले तर साठ फ्रेम पुरेशा होत्या. साठ फ्रेममध्ये मात्र पाणी ओंजळीत पडते आणि कट होतो, बाई पिताना दिसत नाही. आम्ही तो ठेक्याच्या एका पूर्ण आवर्तनाइतका, १२० फ्रेमचा केला, आणि ओंजळ रिकामी होऊन बोटांमधून शेवटचे थेंब गळेपर्यंत थांबलो.